मागे घेतलेली तक्रार आणि पोलिसांचे कर्तव्य

परळ-लालबागच्या चाळीत रात्री एका बाईला मार बसू लागला की आजूबाजूच्या खोल्यांना ऐकू जाते. कोणीतरी ११२ क्रमांक फिरवतो. पोलीस येतात. बाई दारात उभी राहून 'काही नाही' म्हणते. 'नवरा-बायकोचे भांडण आहे, आपसात मिटवा' असे सांगून पोलीस परततात. एवढ्याने त्यांची जबाबदारी संपली काय?

कायदा म्हणतो, नाही. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २००५ साली झाला. त्याच्या कलम ५ प्रमाणे पोलिसाने त्या बाईला संरक्षण आदेश, संरक्षण अधिकारी आणि मोफत कायदेशीर मदत यांची माहिती दिलीच पाहिजे. गुन्हा दखलपात्र असेल तर पुढील कारवाईही त्याला टाळता येत नाही.

पण प्रत्यक्षात काय घडते? नोव्हेंबर २०२० मध्ये वसईच्या एका तरुणीने तुळिंज पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली : सोबत राहणारा पुरुष मारहाण करतो, ठार मारण्याची धमकी देतो. पुढे भांडण मिटल्याचा जबाब तिने दिला आणि प्रकरण बंद झाले. मे २०२२ मध्ये दिल्लीत तिचा खून झाला. आरोप त्याच पुरुषावर आला.

तुर्कस्तानातही एका मायलेकींनी अशाच तक्रारी मागे घेतल्या होत्या. २००२ साली जावयाने सासूला गोळी घातली. २००९ साली युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने त्या सरकारलाच दोषी धरले. तक्रार मागे घेतल्याची सबब न्यायालयाने मान्य केली नाही.

हा निवाडा नीतीलाही धरून आहे. जिची खोली नवऱ्याच्या नावावर, जिची मुले त्याच्या हाती, ती 'काही नाही' म्हणते ते कोणाच्या धाकाने? ज्या भीतीपासून तिला वाचवायचे, त्याच भीतीचे बोल पोलिसांनी तिची संमती म्हणून कसे लिहून घ्यावेत? 'गावचा मामला गावातच मिटवा' हा न्याय आपल्या वाडवडिलांनी पुष्कळ भोगला आहे. बलवान आणि दुबळा यांना एकाच घरात सोडून कायदा बाहेर थांबला, तर तो बलवानाच्याच बाजूला उभा राहतो.

आपणही कान झाकून घेऊ नयेत. त्याच कायद्याच्या कलम ४ प्रमाणे शेजाऱ्यालाही संरक्षण अधिकाऱ्याला खबर देता येते, आणि प्रामाणिकपणे दिलेल्या खबरीबद्दल त्याच्यावर कोणतीही जबाबदारी येत नाही. पोलीस चाळीत आले तर बाईशी नवऱ्यापासून दूर, एकटीशी बोला, असा आग्रह आपण धरावा.