जमा कुणाच्या खाती?

मी पडलो बी.कॉम. नावे टाकलं की जमाही कुणाच्या तरी खाती दाखवावं लागतं. मग गाणं ऐकून जे सुख होतं, ते कुणाच्या खाती जमा करायचं?

मुंबईत लोक राणीचा बाग पाहतात. मी वांद्र्याचा मेहबूब स्टुडिओ पाहिला, तोही फाटकाबाहेरून. मेहबूब खान यांनी १९५४ साली उभारलेला. तिथं कितीतरी गाणी ध्वनिमुद्रित झाली. त्या काळी गायक-वादक सगळे एकदमच. मागल्या रांगेतल्या व्हायोलिनवाल्याचा गज घसरला की गाणं पुन्हा पहिल्यापासून! म्हणजे बिघडलं तर त्याचं, जमलं तर लता मंगेशकरांचं.

तसं लताबाईंनाही हे चुकलं नाही. 'महल'च्या (१९४९) पहिल्या तबकड्यांवर गायिका म्हणून छापलं होतं 'कामिनी', म्हणजे पडद्यावरल्या मधुबालेच्या पात्राचं नाव. गोव्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांचं नाव घरोघर पोचलं ते १९७७ साली, 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यातून. शिष्य प्यारेलाल यांची ही गुरुदक्षिणा. लोकांनी तीही अमिताभच्या खाती जमा केली!

बँकेत धनी न सापडलेली रक्कम सस्पेन्स खात्यात पडते. तिथं निदान साहेब अधूनमधून विचारतो तरी, "हे कुणाचे?"

आमच्या मोर्शीकडचा संत्रा तर बाहेर 'नागपुरी' म्हणूनच विकला जातो. दादरला एका फळवाल्याला म्हटलं, "बाप्पा, हा आमच्या मोर्शीकडला असंन!"

"गोड आहे ना? मग?"

उत्तर सुचेना. डझनभर घेतले.