कोणी सांगितलं, कोणी लिहिलं

(आत्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली. भाची यंदा बी.ए. झाली आहे.)

भाची : बाबा म्हणतात, आधी बी.एड. कर, इतिहास काय पळून जातोय?

आत्या : दादाचं अगदीच चुकतंय असं नाही. एम.ए., मग सेट-नेट, मग पीएच.डी., आणि एवढं करून सीएचबीवर तासांचे पैसे मोजत बसायचं. हे धरून चाललीयस ना?

भाची : धरलंय. माझी अडचण वेगळीच आहे. राजवाड्यांनी कुठे इतिहासात एम.ए. केलं होतं? सरदेसाई बडोद्यात नोकरी करून इतिहासकार झाले, पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे 45 खंड त्यांनी संपादले. जदुनाथ सरकारांचं एम.ए. इंग्रजीतलं. कोसंबी तर गणिती! मोडीसुद्धा वर्ग लावून शिकता येते. मग दोन वर्षं कशासाठी घालवू?

आत्या : यादी छान पाठ केलीस, पण ती तरून गेलेल्यांची आहे. घरी बसून इतिहास लिहिताना किती जण वाहवले, त्यांची यादी कोण ठेवतं? आणि राजवाड्यांनी 1910 साली भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं ते कशाला? निबंध चार जाणत्यांपुढे वाचावा, त्यांनी तो सोलून काढावा, म्हणूनच ना?

भाची : सोलणारे आता व्हॉट्सअ‍ॅपवर आहेत.

आत्या : ते नुसते चिडतात गं. पुरावा कुठे मागतात?

भाची : 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना केवढी मागणी आली! मला वाटलं, हे खरं उपयोगाचं काम.

आत्या : आहेच. समज, जुन्या नोंदवहीत एका नावापुढे 'कुणबी' लिहिलंय. वाचलंस. पुढे?

भाची : पुढे दाखला.

आत्या : ते कचेरीचं काम झालं. तू काय विचारशील? हे त्यानं स्वतः सांगितलं, पाटलानं सांगितलं, की कारकुनानं आपल्या मनानं लिहिलं? वही सारावसुलीची होती की जन्ममृत्यूची?

भाची : दाखल्यासाठी ताटकळलेल्या माणसापुढे हे विचारलं, तर मी त्याच्या आडवी आल्यासारखी होईन.

आत्या : होशील.

भाची : त्याला दाखला मिळावा असंही वाटतं, आणि प्रश्नही सोडवत नाही. एम.ए. करून हे जमेल?

आत्या : छे! उलट जास्तच अडकशील. पण आपण कुठे अडकलोय ते नेमकं सांगता येईल. मला वर्गात ते कधीच साधलं नाही, धडा संपवायची घाई असायची.

भाची : म्हणजे फॉर्म भरू?

आत्या : आधी एक सांग. माळ्यावरच्या पेटीत पणजोबांची गहाणखतं आहेत. दुष्काळात लोकांना आधार दिला, असं आपल्याकडे सांगतात. त्याच सालांत आपली जमीन कशी वाढली, ते त्या कागदांवरून काढशील?

भाची : बाबा पेटी उघडू देतील?

आत्या : त्यांना अजून कुणी विचारलेलंच नाही.