कळसावरचा दिवा

माउली, आज एक शंका तुमच्यापुढे ठेवतो. देवळाच्या कळसावरचा दिवा कोणी जाणूनबुजून बंद केला, तर ते पाप की नाही? उत्तराची घाई करू नका. मी घाई केली होती. चाळीस वर्षे नारदाच्या गादीवर उभा राहून लोकांच्या शंका फेडल्या, पण ही शंका माझ्याच घरातून आली तेव्हा आधी राग आला आणि विचार नंतर आला.

आमचे गाव आजरा तालुक्यात, सड्याच्या उतारावर. विठ्ठल-रखुमाईचे देऊळ गावाच्या मधोमध. अखंड हरिनाम सप्ताहाला पन्नास वर्षे झाली त्या वर्षी कळसाला रंग दिला आणि खालून वर तोंड केलेले चार मोठे फोकस बसवले. त्याची वर्गणी मी मागितली. दारोदार फिरलो, कीर्तनातही मागितली. दहा मैलांवरून कळस दिसू लागला, सगळे गाव हरखले. फोकसच्या खांबाशी संगमरवरी पाटी बसवली. तिच्यावर पहिले नाव माझे आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे ते लागणार आहे.

माझा नातू, लेकीचा मुलगा, पुण्यात शिकतो. त्याला आकाशाचे फोटो काढण्याचा नाद. वैशाखात तो दुर्बीण, कॅमेरा, बॅटऱ्या असे ओझे घेऊन आला. म्हणाला, "आबा, अमावास्येच्या आदल्या पहाटे सड्यावर जायचं आहे. दक्षिणेला एक दीर्घिका आहे, तिचा फोटो काढायचाय."

दीर्घिका म्हणजे काय, हे मी त्याच्याकडूनच नीट समजून घेतले. आपली आकाशगंगा ही अब्जावधी ताऱ्यांची एक वसाहत. तशा असंख्य वसाहती आकाशात दूरदूर पसरलेल्या आहेत. त्याला हवी होती ती मयूर नावाच्या तारकासमूहात आहे. शास्त्रज्ञांच्या यादीत तिचे नाव एनजीसी ६७४४. जेम्स डनलॉप या माणसाने ती १८२६ साली ऑस्ट्रेलियातून प्रथम पाहिली. आपल्यापासून ती सुमारे ३ कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. प्रकाश एका सेकंदात ३ लाख किलोमीटर धावतो. त्या वेगाने तिथून निघालेला किरण इथे पोहोचायला ३ कोटी वर्षे लागतात. आज जो किरण दुर्बिणीत शिरतो तो निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता.

मोराचे नाव ऐकून मला बरे वाटले, तरी मी विचारले, "इतक्या लांबचं इथून कसं दिसणार?" त्याने हात लांब करून मूठ वळली आणि क्षितिजावर ठेवल्यासारखी धरली. "आपल्या गावातून ती जास्तीत जास्त एवढीच वर येते. दहा अंश. दोन-तीन तास या उंचीच्या आसपास राहते आणि परत खाली जाते." डोक्यावरच्या ताऱ्याचा प्रकाश जेवढी हवा ओलांडून येतो, त्याच्या सुमारे साडेपाच पट हवा या प्रकाशाला ओलांडावी लागते. त्या हवेत धूळ, धूर, बाष्प. ३ कोटी वर्षे विनाअडथळा आलेला किरण शेवटच्या काही कोसांत मरतो.

मी म्हटले, "मग हा खटाटोप कशाला? कोणी तरी काढलाच असेल की फोटो." तो म्हणाला, "काढलाय. चिलीत ला सिला इथल्या वेधशाळेतल्या २.२ मीटरच्या दुर्बिणीनं काढलेला इतका सुंदर आहे, की तसा मला जन्मात जमणार नाही." आणि मग हसून म्हणाला, "आबा, घरात विठ्ठलाची तसबीर आहे म्हणून तुम्ही वारी सोडली का?"

माउली, मी निरुत्तर झालो. आपणही जातो ते मूर्ती कशी आहे हे कळावे म्हणून नाही. ते तर लहानपणापासून ठाऊक असते. आपण आपल्या पायांनी जावे आणि त्याने आपल्याला पाहावे, म्हणून जातो.

पण खरा प्रश्न नंतर आला. सड्यावरून दक्षिणेला पाहिले की खाली आमचे गाव आणि पलीकडे चंदगडकडच्या डोंगरांची रेघ. त्याची दीर्घिका नेमकी देवळाच्या कळसावर येणार होती. "आबा, ते चार फोकस पहाटे दोन ते साडेचार बंद ठेवता येतील का? त्यांचा सगळा उजेड वर जातो आणि हवेतल्या धुळीवर पसरतो. त्या पांढऱ्या पडद्यामागं काहीच उरत नाही."

मी संतापलो. म्हटले, देवाच्या कळसावरचा दिवा विझवायचा? आपल्याकडे साधी समईसुद्धा विझली म्हणत नाहीत, शांत झाली म्हणतात. तो गप्प बसला. जेवला, अंथरुणावर पडला. माझा मात्र डोळा लागेना.

मनाशी पूर्वपक्ष मांडला. अंधार म्हणजे अज्ञान, उजेड म्हणजे ज्ञान. दिवा हे देवाचे रूप. तेव्हा दिवा बंद करणे म्हणजे अज्ञानाची बाजू घेणे. वरवर बिनतोड वाटते. पण ज्यांच्या नावाने आपण टाळ वाजवतो त्या ज्ञानोबारायांनी अमृतानुभवात काय केले आहे? सातव्या प्रकरणात अज्ञानाचे खंडन केले आणि तिथे न थांबता आठव्यात ज्ञानाचेही केले. हे मी किती वेळा निरूपणात सांगितले असेल! अज्ञान घालवणारे जे ज्ञान, तेही शेवटी बाजूला व्हावे लागते. तेच जर डोळ्यांपुढे मिरवू लागले तर वस्तू झाकली जाते. हे सांगताना लोक माना डोलवायचे आणि मला बरे वाटायचे. त्या रात्री कळले, की मी ते फक्त सांगितले होते.

दुसरे आठवले ते जुने गाभारे. बांधणाऱ्यांना खिडक्या पाडता येत नव्हत्या का? सभामंडपातल्या उन्हातून आत गेलो की क्षणभर काही दिसत नाही. मग समईच्या उजेडात हळूहळू आधी मुकुट, मग मुख, मग कटीवरचे हात उमटतात. नातू म्हणाला होता, की डोळा अंधाराला पुरता सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि मोबाइलचा एक झोत पडला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आपल्या पूर्वजांना हे शास्त्र म्हणून नसेल, अनुभव म्हणून ठाऊक असणार. अंधार हा त्या दर्शनाचाच भाग होता.

मग मी स्वतःला विचारले, की देवळात दिवे किती? एक नंदादीप आणि चार फोकस. नंदादीप देव दिसावा म्हणून. फोकस कशासाठी? देवाला ते लागत नाहीत, पुजाऱ्याला लागत नाहीत, वाटेने येणाऱ्या बाईमाणसालाही लागत नाहीत, कारण त्यांचे तोंड आभाळाकडे. ते लागतात आम्हाला. दहा मैलांवरच्या गावाने म्हणावे, काय देऊळ बांधलेय! आणि खरे सांगायचे तर खांबाशी बसवलेली ती पाटी रात्रीही वाचता यावी म्हणून.

सकाळी विश्वस्तांकडे गेलो. ते म्हणाले, "महाराज, वर्गणी तुम्हीच मागितली होती की! आता तुम्हीच बंद करा म्हणता?" म्हटले, म्हणूनच मी सांगतो. दुसऱ्या कोणी बसवले असते तर मला अधिकार नव्हता. एकाने चोराचिलटाचे भय काढले. ते खोटे नव्हते, म्हणून ठरले, की रस्त्यावरचा एकही दिवा बंद करायचा नाही, नंदादीपाला हात लावायचा नाही, फक्त वर तोंड केलेले चार. विदर्भातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातले पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. तिथे आसपासच्या गावांतले दिवे काढून टाकले नाहीत, जमिनीकडे तोंड करणारे बसवले, हे नातवाने सांगितलेले मी पुढे केले. उजेड जिथे लागतो तिथे असावा, एवढेच म्हणणे.

बटण मी स्वतः दाबले. हात कापला, खोटे कशाला बोलू.

नातवाचा हात धरून सडा चढलो. संध्याकाळी वळीव पडून गेल्याने धूळ बसली होती. तो यंत्र लावण्यात गुंतला आणि मी दगडावर बसलो. वीस-पंचवीस मिनिटांनी वर पाहिले. माउली, वृश्चिकापासून धनूवरून वर थेट डोक्यापर्यंत आकाशगंगा पसरली होती. लहानपणी उन्हाळ्यात खळ्यावर झोपताना रोज पाहायचो ती. मधल्या काळात ती दिसेनाशी झाली होती आणि मी समजत होतो, की म्हातारपणाने डोळे गेले. डोळे शाबूत होते. तिच्यापुढे मी चार फोकस लावून ठेवले होते.

त्याची दीर्घिका मात्र मला दिसली नाही. नुसत्या डोळ्याला ती दिसतच नाही. कॅमेऱ्यातही पहिल्या फोटोत करडा पडदा आणि चार-सहा ठिपके, एवढेच. म्हटले, फुकट गेले सगळे. तो म्हणाला, "थांबा आबा." पृथ्वी फिरते त्याच्या उलट, त्याच गतीने त्याचे यंत्र दुर्बीण फिरवत होते, म्हणजे नजर एकाच जागी खिळून राहावी. एका मिनिटाचा एक, असे त्याने सत्तर फोटो काढले. साडेचारला पूर्व फिकटू लागली, खाली काकड्याला देऊळ उघडल्याची घंटा झाली, तेव्हा थांबला.

घरी आल्यावर त्याने ढगाची कड आलेले, वाऱ्याने हललेले असे अठरा टाकून दिले आणि उरलेले बावन्न एकावर एक रचले. मी विचारले, "करड्यावर करडे रचून काय होणार?" त्याचे उत्तर मी वहीत लिहून ठेवले आहे. प्रत्येक फोटोत दोन गोष्टी असतात, दूरचा खरा प्रकाश आणि भोवतालची खळबळ. खळबळ दर वेळी जागा बदलते. खरा प्रकाश कितीही मंद असला तरी दर वेळी त्याच जागी पडतो. म्हणून रचत गेले की खळबळ आपोआप एकमेकीला खोडते आणि खरे तेवढे साठत जाते.

माउली, मला कितीतरी साधक विचारीत आले, की महाराज, रोज हरिपाठ म्हणतो, काहीच होत नाही. मी त्यांना नाना दृष्टांत दिले. हा ठाऊक नव्हता. एका दिवसाचा हरिपाठ म्हणजे तो एक करडा फोटो. त्यात काही दिसत नाही ही तक्रार खरी आहे. पण आजचा कंटाळा उद्याच्या कंटाळ्याच्या जागी येत नाही. आज पाय दुखतात, उद्या घरची चिंता, परवा दिंडीतल्या कोणाचा तरी राग. हे सगळे जागा बदलते. नाम बदलत नाही. आयुष्याच्या शेवटी मागे वळून पाहावे आणि विचारावे, की माझ्यात रोज त्याच जागी काय पडत राहिले? तेवढेच माझे. आणि अट एकच. बसताना आपण आपल्यावर फोकस मारून घ्यायचा नाही.

शेवटी जे उमटले ते असे. मधोमध पिवळसर ठिपका आणि भोवती पुसट गोल धूर, त्यात वळणाचा नुसता भास. पाहायला आलेल्या एका गाववाल्याने विचारले, "कागदाला डाग पडलाय का?" त्या चिलीतल्या फोटोत तिच्या भुजा मात्र मोरपिसासारख्या वळलेल्या दिसतात. शास्त्रज्ञ म्हणतात, की आपली आकाशगंगा बाहेरून बहुधा अशीच दिसत असेल. आपण तिच्या आत असल्याने तिचे पूर्ण रूप आपल्याला कधी पाहता येत नाही. आपण कसे आहोत हे कळायला दुसऱ्या कोणाकडे पाहावे लागते, आणि म्हणून तर संतांची संगत.

आता पहिल्या शंकेचे समाधान. दुसऱ्याचा दिवा मालवणे पाप. ज्या उजेडात कोणी वाट शोधतो आहे तो मालवणे महापाप. पण देव दाखवायला लावलेला आपला दिवा देवाचेच काही झाकू लागला, तर तो आपल्या हाताने शांत करणे पाप नव्हे. तो ज्याने लावला त्यानेच करावा, हे बरे.

आता आमच्या देवळाचे फोकस रात्री दहाला बंद होतात. सप्ताहात आणि एकादशीला रात्रभर असतात. त्याला माझी हरकत नाही. पाटी मात्र अजून तिथेच आहे. मी विश्वस्तांना सांगितले, की काढा. ते म्हणाले, पुढच्या सभेत बघू. त्यानंतर दोन सभा झाल्या. दोन्हींना मी हजर होतो आणि विषय काढला नाही.

राम कृष्ण हरी.