आचार्योपासनम् : तस्त व्हायचे कुणी?



चार दिवस लिहिणे झाले नाही. हिला अर्धांगाचा झटका आला त्याला आज २३ दिवस झाले. परळला केईएममध्ये आहे. पुष्कळांचे फोन येतात, प्रत्येकाला उत्तर देणे होत नाही, म्हणून इथेच सांगतो. शुद्धीवर आहे. उजवा हात-पाय हलत नाही, वाचा गेली आहे. किती परत येईल ते डॉक्टर आत्ता सांगत नाहीत.

वाचन मात्र चालू आहे, भिवंडी-ठाणे एसटीत नाहीतर लोकलमध्ये. क्रम तेराव्या अध्यायाचा, सातवा श्लोक. ज्ञानाची लक्षणे सांगताना भगवंत 'आचार्योपासनम्' हा एक शब्द बोलून पुढे जातात. माउली पुढे जात नाहीत. त्या शब्दापाशी बसूनच राहतात. सेवेला निघालेला शिष्य काय काय व्हायला बघतो! पादुका मी, त्या पायात घालणाराही मी. छत्र मी, स्वयंपाकी मी. गुरूने चूळ टाकली तर ती झेलणारे तस्तही मीच. मेल्यावर माती झाली तर ती त्यांच्या पायाखालची व्हावी, इथपर्यंत.

कीर्तनात हे ऐकून आपण माना डोलावतो. आता तस्त म्हटले की मला वॉर्डातला किडनी ट्रे दिसतो. आणि एक गोष्ट लक्षात येते. माउलींनी ज्ञानाच्या लक्षणात घातलेली ही सगळी कामे आपल्या घरात बायका करतात. माझ्या आईचे अंथरूण-पांघरूण, तोंड धुणे, भरवणे, सगळे हिने केले. तिला ज्ञानी म्हणायला कुणी आले नाही.

योजनेच्या कागदांसाठी आरोग्यमित्राकडे रांगेत होतो. पाटीवर महात्मा जोतिराव फुले यांचे नाव. १८८८ मध्ये जोतिरावांनाही पक्षाघात झाला होता, उजवीच बाजू. पुढचे पुस्तक त्यांनी डाव्या हाताने लिहिले, आणि १८९० मध्ये गेले. त्या दोन वर्षांत सावित्रीबाईंचा दिवस कसा उजाडत असेल, हे रांगेत उभे राहून मनात येत राहिले. तेव्हा ना नळी होती, ना फिरता पलंग.

तर इथे काम असे. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. नाकातल्या नळीतून पेज दिली की निदान अर्धा तास डोक्याकडचा भाग वर ठेवायचा. पण बायकांच्या वॉर्डात रात्री पुरुष माणसाला थांबता येत नाही. नियम बरोबरच आहे. म्हणून रात्री मुलगी आत, मी बाहेर जिन्यापाशी चटईवर. घड्याळात दोन वाजले की मी तिकडे जागा होतो आणि आत कूस कुणीतरी दुसरेच बदलते.

परवा मुलीला ताप भरला. शेजारच्या खाटेवर आमच्या भिवंडीच्याच, निजामपुऱ्यातल्या एक मोमीन बाई आहेत. त्यांची सून म्हणाली, "चाचा, आप बेटी को घर भेज दो, मैं हूँ ना." रात्रीत चार वेळा तिने हिला वळवले, तोंड पुसले, पाठीला पावडर लावली. १९७० आणि १९८४ पाहिलेल्या गावचा मी. काय बोलायचे ते सुचेना, सकाळी दोन चहा घेऊन गेलो.

म्हणून इथे माउलींशी थोडे भांडावेसे वाटते. शिष्याचे ते 'मीच, मीच' ऐकायला गोड आहे, पण मला परवडत नाही. मी तस्त व्हायचे म्हटले तरी दारावरची बाई आत सोडत नाही, आणि तस्त दुसऱ्याच घरची सून होते. की ओवीतला तो 'मी' असाच पसरत जातो, पादुकांत, पाण्यात, वाऱ्यात, तसा तिच्यातही गेला? जाणकारांनी सांगावे. मला अजून नीट उलगडलेले नाही.

भेटीच्या वेळेत हळू आवाजात हरिपाठ म्हणतो. वाचोपचाराच्या बाई म्हणाल्या, "गाऊन बघा, बोलणे गेले तरी कधी कधी गाणे राहते." हिचे ओठ हलतात. शब्द आहेत की नुसता श्वास, मला ठरवता येत नाही. म्हणताना मी एखादे चरण मुद्दाम अर्धे सोडतो आणि थांबतो.

पुढचा शब्द 'शौचम्'. उद्या मुलगी परत येणार आहे, जमले तर लिहीन.