पंगतीतला पाहुणा

सिल्लोडहून अजिंठ्याला जाणाऱ्यांच्या नजरेतून एक गोष्ट बहुधा सुटते. ९ आणि १० क्रमांकाच्या जुन्या लेण्यांत पूजास्थानी नुसता स्तूप आहे. काही शतकांनंतरच्या १९ आणि २६ मध्ये त्याच स्तूपावर बुद्धमूर्ती आली. जो देहाने समोर नाही, त्याचं सान्निध्य मानायचं कुठे? ख्रिस्ती परंपरेने याचं उत्तर पंगतीत शोधलं आणि पुढे बराच काळ ते पंगतीतून उचलून वेदीवर ठेवलं.

लूकच्या शुभवर्तमानातली अम्माऊसची गोष्ट मुळाशी आहे. येशूच्या मृत्यूने खचलेले दोन शिष्य यरुशलेम सोडून निघालेत, वाटेत एक परका सोबत येतो आणि शास्त्र उलगडून सांगतो. त्यांची मनं पेटतात, पण हा येशूच आहे अशी ओळख पटत नाही. ती पटते संध्याकाळी, तो भाकर मोडून देतो तेव्हा. मला महत्त्वाचं वाटतं ते या दोहोंमधलं: ‘दिवस कलला आहे, राहा’ असा आग्रह त्यांनी केला नसता, तर तो पुढे निघून गेला असता.

करिंथच्या मंडळीत अशीच भाकर मोडायला जमल्यावर श्रीमंत आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. पौलाने त्यांना ठणकावलं की हे प्रभुभोजनच नव्हे. म्हणजे पहिल्याच शतकात कसोटी ठरली होती: शेजारी उपाशी असेल तर विधी पोकळ.

मग विधी भव्य झाला आणि माणसं लांब सरली. दर्शन पुरे, ग्रहण क्वचित. अखेर १२१५च्या लॅटरन परिषदेला वर्षातून एकदा तरी कम्युनियन, म्हणजे प्रभुभोजनातली भाकर, घ्या, असा नियम करावा लागला. सोळाव्या शतकात फाटाफूट झाली. ढोबळमानाने प्रोटेस्टंटांनी शास्त्र छातीशी धरलं, कॅथलिकांनी वेदी. मराठीतही तसंच दिसतं. पंडिता रमाबाईंनी मृत्यूपर्यंत, १९२२पर्यंत, बायबलच्या सोप्या भाषांतरासाठी स्वतःला झिजवलं; कॅथलिकांची मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाची उपासना, मात्र लॅटिनमध्येच चालू होती. अपवाद जेझुइट मिशनरी फादर स्टीफन्स यांचा. १६१६मध्येच ‘क्रिस्तपुराणा’च्या ओव्यांतून त्यांनी शास्त्र मराठी कानांपर्यंत नेलं होतं.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३मध्ये सांधा जुळवला: ख्रिस्त भाकरीत आहे, तसा वाचल्या जाणाऱ्या वचनातही आणि जमलेल्या मंडळीतही. प्रकार वेगळे, उपस्थिती खरी. माझ्या मते हा नवा शोध नव्हता, अम्माऊसची उजळणी होती.

मराठवाड्यात या उजळणीला धार आहे. इथे ख्रिस्ती झालेल्यांत बहुसंख्य दलित समाजातले. ज्यांना गावच्या पाणवठ्याला हात लावू दिला जात नव्हता, त्यांना एकाच भाकरीतला वाटा म्हणजे काय, हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. (जात चर्चच्या दाराशी चपलांसारखी सुटते, असं मात्र कुणी समजू नये.) विखुरलेल्या कुटुंबांना मिस्सा रोज मिळत नाही, पण घरी शास्त्र उघडता येतं आणि दाराशी आलेल्याला बसवून घेता येतं.

वेदीवरची भाकर अशी दाराबाहेर जाते, याचं एक उदाहरण: १९६४च्या अखेरीस मुंबईत जागतिक युकॅरिस्टिक काँग्रेस, म्हणजे प्रभुभोजनाला वाहिलेला मेळावा, भरली. तिला आलेल्या पोप सहावे पॉल यांनी जाताना आपली मोटार मदर तेरेसांना दिली. मदरनी ती सोडतीत काढली आणि पैसा कुष्ठरोग्यांच्या वसाहतीला लावला.