नुसतं बघायचं

चाळीस वर्षं पाठीवर फवारणीचा पंप वागवला, शेवटी मणक्यात गॅप पडला. डॉक्टर म्हणाले, वजन उचलू नका. शेतकऱ्याला!

कुणी सांगितलं म्हणून इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवस राहून आलो. बोलायचं नाही. पहाटे चारला घंटा. पहिले तीन दिवस नुसता श्वास बघायचा. चौथ्या दिवशी विपश्यना शिकवतात, मग तास-तास हातपाय न हलवता बसायचं. त्याला अधिष्ठान म्हणतात. पहिल्यांदा वाटलं, कमरेत कुणी पहार घालतंय. पण बघत राहिलो. जो एकच दगड वाटत होता त्यात धग, ठणका, मुंग्या असं वेगवेगळं दिसू लागलं. तेही कमीजास्त होत होतं. दुखायचं थांबलं नाही, पण 'आता जन्मभर असंच' ही भीती बाजूला झाली. निम्मं दुखणं तिचंच होतं.

तिथं प्रवचनात ऐकलं की, गोयंका गुरुजी स्वतः ब्रह्मदेशात मायग्रेननं हैराण होते, मॉर्फिनची सुई घ्यायचे. १९५५ साली ते ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तर त्यांनी आधी नकारच दिला. डोकेदुखीवरचा इलाज म्हणून ही विद्या मागू नका, म्हणाले. गोष्ट आवडली, पण डोक्यात शिरली नाही.

घरी आलो तो शहाणा होऊन. त्या हिवाळ्यात कांद्याच्या लागणीत हिच्या पोटात दुखायला लागलं. मी म्हटलं, "नुसतं बघ त्याच्याकडं. येतं तसं जातं." दोन दिवस ती वाफ्यात वाकून रोपं लावत राहिली. तिसऱ्या रात्री ताप, उलट्या. तालुक्याला नेलं, तर अपेंडिक्स फुटलेलं. वाचली.

तिथं मला कुणी औषध सोडा म्हटलं नव्हतं, ती अक्कल माझी. माझ्या कमरेला डॉक्टरनं बघितलं होतं, गोळ्या झाल्या होत्या, मग मी माझ्या मर्जीनं बसलो. हिच्या पोटाला कुणी हातही लावला नव्हता. बैल लंगडला असता तर मी आधी खूर उचलून बघितला असता. अन् खरं सांगू? लागण अर्धी राहिली होती. माझ्या सल्ल्यात ध्यान किती अन् कांदा किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दवाखान्यातून आल्यावर ती एवढंच म्हणाली, "आम्ही बायका बघतच असतो की. तुम्ही दहा दिवसांत शिकून आलात."

मी अजून पहाटे बसतो. कंबर दुखते, बघतो.

परवा हिचा गुडघा धरला. मी मोटारसायकल बाहेर काढली.

"अहो, एवढं नाही दुखत," ती म्हणाली.

मी किक मारली.