झाकणाच्या आत

लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरच्या शिवारात रब्बीचा हरभरा तुषारच्या भरवशावर उभा राहतो, कपाशी ठिबकवर. मोटर, स्टार्टर, नोझल यांची विचारपूस रोजची. फिल्टरची आठवण मात्र पाण्याचा जोर उतरला की येते, आणि तोवर विहिरीतलं शेवाळ नि मुरमाची बारीक वाळू झाकणाच्या आत दाबून बसलेली असते.

वाळूच्या फिल्टरला दोन दाबमापक असतात: एक पाणी आत शिरतं तिथे, दुसरा बाहेर पडतं तिथे. धुतलेल्या फिल्टरवर दोन्ही काटे जवळपास सारखे राहतात. फरक अर्ध्या किलोकडे गेला की पाणी उलटं फिरवून घाण बाहेर काढायची. जाळी आणि चकत्या खोलून धुवायच्या, पण मऊ ब्रशने. तारेच्या ब्रशने 120 मेशच्या जाळीला पडलेलं भोक आपल्या डोळ्याला दिसत नाही. वाळूला ते बरोबर सापडतं आणि ती थेट ड्रिपरमध्ये जाऊन बसते.

यात अवघड काही नाही. अडचण अशी की फिल्टर नीट धुतला तर शेतात काहीच घडत नाही. बुजलेली नळी बांधावर आलेल्या पाहुण्यालाही दाखवली जाते. न बुजलेली कोण दाखवणार? शिवाय रात्रीची लाइन असली की बॅटरीच्या उजेडात झाकण खोलायला जीव होत नाही, हेही खरंच. राज्यात ठिबक-तुषारच्या संचासाठी अल्प व अत्यल्प भूधारकांना 80 टक्के, इतरांना 75 टक्के अनुदानाची तरतूद झाली. धुण्याला अनुदान नाही. नसावंही. पण ज्या कामाला ना पैसा ना पाहणारा, ते ‘उद्या करू’च्या खात्यात जातं, आणि घरातली निम्मी भांडणंही त्याच खात्यातली असतात.

उन्हाळ्यात विहीर तळाला गेली की फिल्टर आवरून ठेवायचा. आतलं पाणी सोडून द्यायचं, जाळी धुऊन सावलीत वाळवायची, रबरी वायसर काढून वेगळं ठेवायचं. त्याला इंजिनाचं जुनं ऑइल चोळायचं नाही, रबर फुगतं. नळ्यांच्या गुंडाळ्या उंच टांगायच्या, नाहीतर उंदीर त्यांना स्वतःची छिद्रं पाडतात.

मग येतो दसरा. मोटर, ट्रॅक्टर, फवारणीचा पंप, सगळ्यांना हळदकुंकू लागतं. फिल्टरलाही झेंडूची माळ पडते. रब्बीची पहिली पाळी तिथून फार लांब नसते. पूजेआधी झाकण उघडून जाळी धुवायची म्हटली तर किती वेळ, पंधरा मिनिटं. माळ पडल्यावर मात्र त्या दिवशी झाकणाला कुणी हात लावू देत नाही.